अडीच किलोची किंमत

सत्तावीस किलो आणि अडीच किलो, हे दोन आकडे मी आमच्या व्यायामशाळेच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलेत. पुसट झाले की पुन्हा गिरवतो. नवीन पोरगा आला की त्याला आधी त्यांचा अर्थ सांगतो, मग बारबेलला हात लावू देतो.

२०१८ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी वजनाचा व्यायाम करणाऱ्यांवर झालेले ४९ प्रयोग एकत्र मांडले. त्यांत मिळून १,८६३ माणसं होती. व्यायामाच्या जोडीला जादा प्रथिनं दिली तर ताकद आणि स्नायू किती वाढतात, एवढाच प्रश्न. एका वेळी उचलता येणारं जास्तीत जास्त वजन व्यायामाने सरासरी २७ किलोंनी वाढलं होतं, आणि जादा प्रथिनांनी त्यात जवळपास अडीच किलोंची भर घातली होती. चरबी वगळून शरीराचं वजन व्यायामाने साधारण १.१ किलो वाढलं, प्रथिनांमुळे त्यात आणखी ३०० ग्रॅम.

म्हणजे उपयोग होतो. 'हे सगळं थोतांड आहे, आमच्या वेळी कुठे होते हे पावडरींचे डबे' असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या वेटलिफ्टिंगच्या खेळात एका किलोवर पदक जातं, त्यामुळे अडीच किलोंना मी कमी लेखत नाही. पण बाजार हा हिशेब उलटा करून विकतो. तिथे डबा सत्तावीस किलोंचा आणि मेहनत अडीच किलोंची. माझं भांडण त्या उलट्या हिशेबाशी आहे, कारण त्याची किंमत मोजणारी घरं मी रोज बघतो.

दिवाळीनंतर एक बाई मुलाला घेऊन आल्या. दोन घरी स्वयंपाक करतात. मुलगा सतरा वर्षांचा, वजन साठ किलो, पाठ सरळ, खांदे मोकळे, स्क्वॉटमध्ये खोल बसला तरी टाच उचलत नव्हता. असा पोरगा वर्षातून एखादा येतो. आधी तो एका जिममध्ये जायचा. तिथल्या ट्रेनरने लिहून दिलेली चिठ्ठी आईने पिशवीतून काढली. व्हे प्रोटीन, मास गेनर, बीसीएए, टेस्टोस्टेरॉन बूस्टर, क्रिएटिन. खाली बेरीज, अकरा हजार आणि वर काही. बाई म्हणाल्या, "सर, एवढं नाही झेपत. पण ह्यातलं काय नाही घेतलं तर चालेल तेवढं सांगा, बाकीचं मी बघते कसं ते." त्या काय सोडून काय बघणार होत्या, ते मी विचारलं नाही. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे आणि हा लेख तिच्यामुळेच लिहितोय.

मास गेनर सगळ्यात आधी खोडला. त्या मोठ्या डब्यात निम्म्याहून जास्त माल असतो तो माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून बनवलेली, साखरेसारखी झटपट पचणारी पूड. वजन वाढतं, कारण उष्मांक पोटात जातात. तेच उष्मांक भाकरी, भात, केळी, गूळ-शेंगदाण्यातून मिळतात. बीसीएएचं तर आणखी सरळ आहे. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. स्नायू बांधायला नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात, बीसीएए म्हणजे त्यांतली फक्त तीन. भिंत बांधायला विटा, वाळू, सिमेंट लागत असताना ट्रक भरून नुसत्या विटा आणून टाकल्या तर काम पुढे जात नाही. आणि ज्याच्या जेवणात पुरेशी प्रथिनं आहेत त्याला ती तिन्ही अमिनो आम्लं जेवणातूनच मिळालेली असतात.

टेस्टोस्टेरॉन बूस्टरच्या डब्यावर ठळक नाव असतं ते ट्रिब्युलसचं. ट्रिब्युलस म्हणजे गोखरू, आपला सराटा. उन्हाळ्यात रानात अनवाणी चालताना पायात रुततो तोच. आपल्या वैद्यकात त्याचे दुसरे उपयोग सांगितलेत, त्यावर मी बोलणार नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या अव्वल रग्बी लीग खेळाडूंना पाच आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम ट्रिब्युलसचा अर्क देऊन पाहिलं गेलं, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. जोमाने व्यायाम चालू होता. अर्क घेतलेल्यांची ताकद आणि स्नायू, न घेतलेल्यांपेक्षा जास्त वाढले नाहीत. टेस्टोस्टेरॉनही हललं नाही. अश्वगंधेची बाजू थोडी वेगळी आहे. २०१५च्या एका भारतीय प्रयोगात ५७ पुरुषांपैकी निम्म्यांना आठ आठवडे दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क दिला. त्यांचं बेंच प्रेस, म्हणजे आडवं पडून छातीवरून वर ढकलायचं वजन, सरासरी ४६ किलोंनी वाढलं, बाकीच्यांचं साडेसव्वीस किलोंनी. आकडा मोहात पाडणारा आहे. पण त्या मंडळींना वजनाच्या व्यायामाचा फारसा अनुभव नव्हता, आणि नवख्याच्या पहिल्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः स्नायूंची नसतेच, ती मेंदू आणि मज्जातंतूंच्या शिकण्याची असते. वजन उचलायचं कसं हे शरीराला तेव्हा कळत असतं. चार वर्षं स्नॅच मारणाऱ्या, म्हणजे जमिनीवरचं वजन एका झटक्यात डोक्यावर नेणाऱ्या पोराला अशा प्रयोगाच्या भरवशावर गोळ्या घ्यायला लावणं मला पटत नाही.

क्रिएटिनवर मात्र मी थांबलो.

डब्यांच्या बाजारात ज्याच्यामागे खरोखर पुरावा आहे असा पदार्थ तो हा. आपलं शरीर स्वतःच थोडं क्रिएटिन बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून मिळतं. एका दमात, काही सेकंदांत पूर्ण जोर लावायचा असतो तेव्हा स्नायू जी ताकद खर्च करतो ती लगेच भरून द्यायचं काम ते करतं. क्लीन अँड जर्क, म्हणजे वजन आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेणं, हे नेमकं तेच, काही सेकंदांचा जोर. १९९२ साली रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तोंडाने घेतलेलं क्रिएटिन स्नायूंत साठतं. २००३ साली २२ प्रयोगांचा आढावा घेतला गेला. नुसत्या व्यायामाने ताकद सरासरी १२ टक्क्यांनी वाढली होती, क्रिएटिन जोडीला असेल तर २० टक्क्यांनी. रोज ३ ते ५ ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट. त्याहून महाग रूपं त्याहून चांगली आहेत असं दिसलेलं नाही.

आपल्याकडे याची एक खास बाजू आहे. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा कमी असतो, म्हणून बाहेरून दिल्यावर त्याला फायदा जास्त दिसतो. आमच्याकडे माळकरी घरातली पोरं येतात, ज्यांच्या घरात अंडंही शिजत नाही. त्यांना मी सांगतो की बाजारातलं क्रिएटिन प्राण्यापासून काढलेलं नसतं, ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. फक्त कॅप्सूलचं वेष्टन कशाचं आहे ते बघावं, किंवा सरळ पावडर घ्यावी.

तरी त्याचेही दोन काटे आहेत. ते स्नायूंत पाणी धरून ठेवतं, सुरुवातीला वजन किलो-दोन किलो वाढू शकतं. नुसतं आरशात बघणाऱ्याला त्याने आनंद होतो, पण स्पर्धेआधी वजनगटाच्या काट्यावर उभं राहायचं असेल तर तेच किलो जिवावर येतात. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने ५४ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायाम सुरू करण्याआधी आठवडाभर एका गटाला क्रिएटिन दिलं, तेव्हा त्यांचं चरबी वगळून वजन दुसऱ्या गटापेक्षा अर्धा किलो जास्त वाढलं. पुढच्या बारा आठवड्यांच्या व्यायामात मात्र दोन्ही गटांनी सारखेच सुमारे दोन किलो कमावले. म्हणजे वाढलेल्या किलोत स्नायू किती आणि पाणी किती, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. दुसरं, क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात ते, वाढलेलं दिसतं. मूत्रपिंड धडधाकट असलं तरी अहवाल बघून घर घाबरतं. म्हणून तपासणीला जाताना डॉक्टरांना आधी सांगावं. आणि ज्याला मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नये.

उरलं व्हे. ते औषध नाही आणि जादूही नाही, दुधातलंच प्रथिन आहे. चीज करताना दूध फाटून जे पाणी वेगळं होतं ते गाळून, वाळवून त्याची पावडर होते. श्रीखंडाचा चक्का टांगल्यावर खाली जे पाणी गळतं, त्याच्याच नात्यातली ही गोष्ट. पचायला हलकं, स्नायूंना लवकर मिळतं. पण व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेकर रिकामा केला नाही तर मेहनत वाया गेली, ही जी भीती पोरांच्या मनात घातली जाते तिला आधार नाही. या विषयावरचे प्रयोग एकत्र मांडून २०१३ सालीच तपासले गेले. दिवसभरात पोटात गेलेली एकूण प्रथिनं जमेला धरली की वेळेचा फरक उरला नाही.

एकूण किती, हाच खरा प्रश्न आहे. मॉर्टन यांच्या मांडणीत शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा थांबलेला दिसतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत हाच आकडा दिलाय आणि प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितलंय. साठ किलोच्या पोराला म्हणजे ९६ ग्रॅम. आईला जमिनीवर बसवून मी हिशेब मांडला. ज्वारीच्या भाकऱ्या, दीडशे ग्रॅम पिठाच्या, १५ ग्रॅम. डाळ-उसळ मिळून साठ ग्रॅम कोरडी, १४ ग्रॅम. हे घरात होतच होतं. त्यात अर्धा लिटर दूध घाला, १६. चार अंडी, २५. मूठभर शेंगदाणे, पन्नास ग्रॅम धरा, १२. पंचवीस-तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, १४. झाले ९६. भाकरीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत असतं, त्यामुळे दोन्ही एका ताटात आल्या की प्रथिनाचा कस वाढतो. वरच्या चार जिनसांचा आमच्या गावच्या बाजारात रोजचा खर्च साधारण सत्तर रुपये, प्रथिनं ६७ ग्रॅम. बऱ्या व्हेचा एक स्कूप ऐंशीच्या घरात पडतो आणि त्यात २४ ग्रॅम. कोकणातल्या पोराला तर मी सुकट-बोंबील सांगतो. सुक्या बोंबलाचं निम्म्याहून अधिक वजन प्रथिनाचंच असतं, असा डबा कुठलीही कंपनी त्या भावात विकत नाही.

माझ्यावर आक्षेप घेतला जातो तो योग्य आहे. नोकरी करून रात्री नऊला व्यायामाला येणाऱ्याला, ज्याची भूक मेलेली असते त्याला, वसतिगृहात राहून मेसच्या पाणचट वरणावर दिवस काढणाऱ्याला एक स्कूप सोयीचा पडतो. अंडं न खाणाऱ्या घरात ९६चा आकडा गाठणं जड जातं. अशांना मी व्हे नाकारत नाही. ज्याचं ताट भरलंय आणि ज्याच्या खिशाला झेपतं त्याने खुशाल घ्यावं. पण ताट रिकामं ठेवून डबा आणायचा, हे होता कामा नये.

जिमच्या भिंतीवर पिळदार शरीरांचे फोटो असतात, आता त्यांच्याबद्दल. पोराला हवं असतं ते तसं शरीर. १९९६ साली शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ४३ निरोगी पुरुष, दहा आठवडे. काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं, काहींना औषध नसलेली नुसतीच सुई. ज्यांनी औषधाशिवाय व्यायाम केला त्यांचं चरबी वगळून वजन १.९ किलोंनी वाढलं. ज्यांनी औषध घेतलं आणि व्यायाम केलाच नाही त्यांचं ३.२ किलोंनी. दोन्ही केलेल्यांचं ६.१ किलोंनी. जादा प्रथिनांच्या त्या ३०० ग्रॅमच्या शेजारी हे सहा किलो ठेवून बघा. फोटोतल्या कित्येक शरीरांमागे सुई असते आणि हातात धरलेला असतो डबा. पोरगा डबा घेतो, वर्षभर आरशात बघतो, तसं शरीर येत नाही, आणि मग कुणीतरी त्याच्या कानात सांगतं की डब्याने नाही होत रे, खरी गोष्ट वेगळी आहे. डब्यापासून सुईपर्यंतची ही वाट मी माझ्या दोन पोरांच्या बाबतीत बघितली. एकाला वेळेत परत आणता आलं.

आणि सुई आता टेस्टोस्टेरॉनचीच राहिलेली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर खाली जाणारा रक्तदाब वर आणायला डॉक्टर जे मेफेन्टरमिन वापरतात, ते जिममधली पोरं स्वतःला टोचून घेताहेत, दमल्यासारखं वाटू नये म्हणून. पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने हा साठा पकडलाय. हृदयाशी खेळ आहे हा. विशीतल्या मुलाच्या हृदयाशी.

डब्यात काय आहे याचा भरवसा कुणी द्यायचा? प्रथिनं मोजायची जुनी पद्धत प्रथिन मोजतच नाही. १८८३ साली डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी शोधलेल्या त्या रीतीत नत्र मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. म्हणून ग्लायसीन किंवा टॉरिनसारखं नत्र असलेलं स्वस्तातलं काही मिसळलं की कागदावर प्रथिन वाढतं, स्नायूला काहीच मिळत नाही. हीच फट वापरून चीनमध्ये दुधाच्या पावडरीत मेलामाइन हे नत्राने भरलेलं रसायन मिसळलं गेलं. २००८ साली ते उघडकीस आलं तेव्हा सहा बाळं दगावली होती आणि जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली होती. भारतात मिळणाऱ्या ३६ पावडरी केरळमधल्या डॉ. सिरिॲक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी तपासल्या, २०२४ मध्ये ते छापून आलं. जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही, काहींत लिहिल्याच्या निम्मंच होतं. १४ टक्क्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन.

स्पर्धेत उतरणाऱ्यासाठी धोका याहून मोठा आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेने २०००-२००१ मध्ये तेरा देशांतून ६३४ पूरक पदार्थ गोळा करून तपासले. त्यातल्या ९४ मध्ये वेष्टनावर न लिहिलेली हार्मोनं सापडली. खेळाडूच्या लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला की त्याची जबाबदारी खेळाडूची, 'डब्यात होतं, मला माहीत नव्हतं' याने सुटका होत नाही. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या २०२२ च्या अहवालात, मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचं प्रमाण भारताचं सगळ्यात जास्त होतं, तीन टक्क्यांच्या वर. आमच्या खेळाला तर याची शिक्षा ऑलिम्पिकमध्येही भोगावी लागली. रिओला वेटलिफ्टर होते २६०, पॅरिसला जागा उरल्या १२०. कुणाच्या तरी सुईपायी स्वच्छ राहिलेल्यांच्या जागा गेल्या.

मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत १५३ किलो उचलून सुवर्ण आणलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. तालुक्याच्या गावातून जगाच्या व्यासपीठावर जाता येतं, हे तेव्हापासून आमच्या पोरींना कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समजावावं लागतं ते सरकारला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या तालमींना आश्रय दिला तेव्हा मल्लांच्या खुराकाची सोय दरबाराकडून होत होती. दूध, तूप, बदामाची थंडाई. आजच्या मोजमापाने बघितलं तर तुपात प्रथिन नाही, बदामही महागाचा सौदा. पण मल्लाचं पोट हे राज्याचं काम आहे, ही जाण त्यात होती. आज तो भार दोन घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईवर आहे, आणि तिला सल्ला देतो तो माणूस, ज्याला डब्यामागे टक्केवारी मिळते.

ही टक्केवारी बंद झाली पाहिजे. जो शिकवतो त्याने विकू नये. डॉक्टरने औषध कंपनीकडून भेटी घेऊ नयेत, हे आपण मान्य केलंय, ट्रेनरला तो नियम का नको? अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डब्यांतली अमिनो आम्लं एकेक करून तपासावीत, नुसतं नत्र नाही, आणि निकाल कंपनीच्या नावासकट, मराठीत, लोकांपुढे ठेवावेत. आणि तालुक्यातालुक्यांत सरावाला येणाऱ्या, घरची ऐपत नसलेल्या पोरापोरींना रोज चार अंडी आणि अर्धा लिटर दूध मिळालं पाहिजे. अंडं चालत नसेल तिथे पनीर, सोया. शाळेत आपण दुपारचं जेवण देतो, तर मैदानावर अंडं देणं अवघड नाही.

त्या बाईंच्या चिठ्ठीवरच्या चार ओळी मी खोडल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला ९६चा हिशेब लिहून दिला, दूध, अंडी, शेंगदाणे, वड्या, भावासकट. क्रिएटिनची ओळ ठेवली. तिच्यापुढे लिहिलं, अठरा पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. मूळ चिठ्ठी मी ठेवून घेतली आणि हिशेबाची नक्कल त्यांना दिली. पोराच्या वाढदिवसाला अजून पाच महिने आहेत.